सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलल्यावर बुलेटची ओढ का जाते, आणि जेट बदलूनही ती का परत येत नाही

२०२० पूर्वीची, म्हणजे कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागावर) चालणारी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, बोलीत बुलेटच, ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला एक अनुभव हमखास येतो. मोठ्या हौसेने फ्री-फ्लो, म्हणजे धुराला कमी अडवणारा, सायलेन्सर बसवला जातो, मूळ एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून त्या जागी उघडा गोल फिल्टर लावला जातो, गाडी गॅरेजमधून बाहेर पडताना आवाजाने गल्ली दणाणते आणि पहिल्याच चढावर लक्षात येते की गाडी पूर्वीइतकीही ओढत नाही. मग मेकॅनिक कार्ब्युरेटरमध्ये एक नंबर मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे बूच) टाकतो, चार दिवस बरे जातात, आणि पाचव्या दिवशी तक्रार जशीच्या तशी परत येते. माझ्या गाडीच्या बाबतीत हे चक्र तीन वेळा फिरले. त्यातून दोष शोधण्याची जी पद्धत मला हाती लागली ती येथे सविस्तर मांडत आहे. हे विवेचन ३४६ सीसीच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) इंजिनाविषयी आहे; फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण ठरवण्याची रीतच वेगळी असल्याने पुढचे बरेचसे तिला लागू पडणार नाही.

सर्वांत आधी, ओढ खरोखर गेली आहे का, हे मोजून पाहावे. आवाज वाढला की कान फसतात; इंजिन जितके गरजते तितका वेग मिळत नाही असे वाटू लागते, आणि उलट अर्थानेही फसगत होते. या इंजिनाची कागदावरची ताकद १९.८ बीएचपी, तीही ५२५० आरपीएमला, आणि २८ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला. एवढ्या ताकदीच्या गाडीत नुसत्या सायलेन्सरने होणारी वाढ स्वाराला जाणवेल इतकी क्वचितच असते, परंतु चुकीच्या मिश्रणाने होणारी घट मात्र सहज जाणवते. मी मोजमापासाठी जुन्या कात्रज घाटातला एक सरळ चढाचा तुकडा ठरवून घेतला. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून पूर्ण थ्रॉटल उघडायचा आणि काटा ६० वर कधी पोहोचतो ते हँडलवर बसवलेल्या मोबाइलच्या चित्रीकरणात नंतर घरी बसून मोजायचे. तोच रस्ता, तोच स्वार, तोच गिअर आणि टायरमध्ये तेवढीच हवा, एवढे पाळले तर अर्ध्या सेकंदाचा फरकही विश्वासाने सांगता येतो. हे मोजमाप सुट्या भागांना हात लावण्यापूर्वीच केलेले असेल तर उत्तम. माझे केलेले नव्हते, आणि म्हणून पहिला महिना मी केवळ अंदाजावर भांडत राहिलो.

मोजणी झाल्यावर कार्ब्युरेटरकडे धाव घेण्याआधी, काही साध्या गोष्टी निकालात काढाव्यात. सायलेन्सरबरोबर गाडीवर आणखी काय काय बदलले होते ते आठवून पाहावे. पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवून घेतला असेल तर गाडी चढावर जड वाटणारच. तो दोष नाही, तो गणिताचा परिणाम आहे. रुंद टायर बसवताना मागचा ब्रेक घट्ट राहिला असेल तर मधल्या स्टँडवर चाक हाताने फिरवताच कळते. त्याहून महत्त्वाची तपासणी क्लचची आहे. या इंजिनात क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि त्यासाठी १५डब्ल्यू५० दर्जाचे, जासो एमए या ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच्या मानकाचे दुचाकीचेच ऑइल लागते. परफॉर्मन्सच्या भरात कोणी मोटारीचे महागडे सिंथेटिक ऑइल भरले, आणि त्यात घर्षण कमी करणारी रसायने असली, तर क्लचप्लेट सरकू लागतात. चाचणी सोपी आहे: वरच्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला एकदम थ्रॉटल उघडावा. इंजिनाचा आवाज झपाट्याने चढला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला तर ताकद इंजिनात आहे, ती चाकापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी जेट बदलणे म्हणजे दुखणे गुडघ्याला आणि लेप कपाळाला.

या इंजिनाचे एक वैशिष्ट्य दोष शोधताना विशेष फसवते. यूसीई ३५० मध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत. त्यांपैकी एक बंद पडला तरी गाडी सुरू होते, आयडलिंगला उभी राहते, मिसिंगही फारसे जाणवत नाही. परंतु ज्वाला एकाच बाजूने पसरत असल्याने जळण्याचा काळ लांबतो आणि ओढ कमी होते. फिल्टर किंवा कार्ब्युरेटरचे काम करताना टाकी आणि बाजूची झाकणे काढली जातात, आणि परत बसवताना एखादी प्लग कॅप अर्धवट बसते. म्हणून इंजिन आयडलिंगला असताना, कोरडा हातमोजा घालून, एक कॅप काढून इंजिन चालते का ते पाहावे, ती परत बसवून मग दुसरी काढून पाहावे. काढलेली कॅप जास्त वेळ अधांतरी न ठेवता तिच्यात जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवावा, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. दोन्ही वेळा इंजिनाचा सूर जरासा उतरून इंजिन चालत राहिले तर दोन्ही प्लग काम करत आहेत. एखादी कॅप काढताच इंजिन बंद पडले तर दुसरा प्लग आधीपासूनच मेलेला होता. कार्ब्युरेटरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडला ते कळवणारा) असेल तर त्याचा कनेक्टरही याच वेळी दाबून पाहावा, कारण इग्निशनची वेळ ठरवण्यात त्याचा हात असतो.

आता मूळ मुद्दा. नवा सायलेन्सर आणि नवा फिल्टर आल्यावर इंजिनाचा श्वास बदलतो, पण पेट्रोल मोजून देणारा जेट जुनाच राहतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, आणि सर्वाधिक ताकद मात्र त्याहून थोड्या रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणात, साधारण साडेबारा ते तेरापट हवेला, मिळते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले की मिश्रण लीन होते, आणि ताकद याच कारणाने उतरते. त्यात गेल्या काही वर्षांत एक भर पडली आहे. देशातल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध इथेनॉलला जळण्यासाठी वजनाने केवळ नऊपट हवा लागत असल्याने या मिश्र इंधनाचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या आधारे स्वतःला सावरून घेते. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मात्र होते तेवढेच राहते. याचा अर्थ जुनी गाडी काहीही न बदलताही पूर्वीपेक्षा थोडी लीन चालते आहे, आणि त्यावर आपण मोकळा फिल्टर चढवतो.

मिश्रण लीन आहे की रिच हे ओळखण्यासाठी माझा सर्वाधिक विश्वास चोकवर आहे. इंजिन पूर्ण तापलेले असताना, चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन, चोक किंचित ओढावा. गाडी सावरली आणि जोर आला तर मिश्रण लीन होते; आणखी मलूल झाली तर रिच. दुसरी खूण अशी की पूर्ण थ्रॉटलवरून तो थोडा मिटताच गाडी पुढे सरसावली तर मेन जेट (मोठ्या थ्रॉटलला पेट्रोल देणारा) लहान पडत आहे. प्लगचा रंगही सांगतो, पण तो नीट विचारला तरच: बाजारातून फिरून, सिग्नलला थांबत घरी येऊन काढलेला प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो, पूर्ण थ्रॉटलचा नव्हे. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला काही अंतर जाऊन, क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच दाबावा लागतो आणि तिथेच प्लग काढावा लागतो. पांढराफटक प्लग लीन, कोरडा काजळीसारखा काळा रिच. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फुटणारे फटाके मात्र पुरावा म्हणून एकट्याने धरू नयेत. ते पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) लीन असल्याने येतात, तसेच बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी) आणि सिलिंडर हेड यांच्या सांध्यातून हवा आत ओढली गेली तरी येतात, आणि गाडीवर पल्स एअर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी झडप) असेल तर त्याच्यामुळेही येतात. काहींना ते आवडतात, हा भाग निराळा.

मिश्रण लीन आहे असे कळताच थेट मोठा जेट टाकण्याची घाई केली जाते, आणि समस्या वारंवार परतण्याचे मूळ बहुतेक वेळा याच घाईत असते. मिश्रण दोन कारणांनी लीन होते: पेट्रोल कमी पडते, किंवा मोजली न गेलेली हवा कुठून तरी शिरते. गॅरेजच्या भाषेत, गाडी एअर घेते. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधले रबर जुने असेल तर कार्ब्युरेटर काढता-घालताना त्याला बारीक भेगा पडतात. क्लॅम्प तिरका बसतो. अशी गळती मोठ्या जेटने झाकता येते, पण ती स्थिर नसते. थंड इंजिनात रबर आवळलेले असते, तापल्यावर भेग उघडते, आणि जेटचा प्रत्येक नवा नंबर काही दिवस पुरून मग अपुरा किंवा जास्त ठरतो. म्हणून जेटच्या आधी गळती शोधावी. इंजिन आयडलिंगला ठेवून रबराच्या सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. आयडलिंगचा सूर क्षणभर बदलला तर तिथेच हवा शिरते आहे. पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे तापलेल्या इंजिनावर मारण्याची पद्धत मी पाहिली आहे, पण सायलेन्सरचा बेंड वीतभर अंतरावर असताना ते धाडस करू नये.

आता माझ्या गाडीचे नेमके काय झाले ते सांगतो, कारण एकाच लक्षणामागे दोन वेगळे दोष एकापाठोपाठ कसे उभे राहतात याचा तो नमुना आहे.

या गाडीवर व्हॅक्युम पद्धतीचा बीएस२९ कार्ब्युरेटर असतो. त्यात आपल्या मुठीची केबल फक्त बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली फिरती चकती) उघडते. निडल (जेटमध्ये वरखाली होणारी सुई) धरून असलेली स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग, केबलने वर जात नाही. तिला वर उचलतो तो पातळ रबरी डायफ्राम. डायफ्रामच्या वरच्या कप्प्यात इंजिनाच्या खेचीने निर्वात तयार होतो, खालच्या कप्प्यात बाहेरच्या हवेचा दाब असतो, आणि या दोहोंच्या फरकाने स्लाइड चढते. खालच्या कप्प्याला हवा पुरवणारे छिद्र या जातीच्या अनेक कार्ब्युरेटरमध्ये तोंडाशीच, फिल्टरच्या बाजूला असते. मूळ एअरबॉक्सचे रबर ते छिद्र मोकळे राहील असेच घडवलेले असते. मी बसवलेल्या गोल फिल्टरच्या रबराची आतली कड जाड होती आणि तिने ते छिद्र जवळजवळ झाकले होते. परिणाम असा की अर्ध्या थ्रॉटलपर्यंत गाडी उत्तम चाले आणि पुढे मूठ कितीही पिळली तरी तोंड बांधल्यासारखी होई, कारण बटरफ्लाय पूर्ण उघडूनही स्लाइड अर्ध्यावरच थांबलेली असे. जेट कोणताही असला तरी त्यात काय फरक पडणार?

मेकॅनिकने मात्र जेट बदलला. तो बदलताना कार्ब्युरेटर साफ करावा म्हणून डायफ्राम जागेवर असतानाच आत क्लीनर स्प्रे मारला. त्या द्रावणाने रबर फुगते. फुगलेला डायफ्राम खाचेत नीट बसला नाही, झाकणाखाली त्याची कड चिमटली गेली आणि तिथे सुईच्या टोकाएवढी चीर पडली. पुढे मी स्वतः फिल्टरची कड ब्लेडने तासून छिद्र मोकळे केले. गाडी दोन दिवस पळाली, आणि चीर वाढत गेली तसतशी पुन्हा तीच तक्रार सुरू झाली: अर्ध्यापर्यंत ठीक, पुढे काही नाही. मूळ दोष दूर झाला होता, पण दुरुस्तीने त्याच लक्षणाचा दुसरा दोष निर्माण केला होता, आणि लक्षण तेच असल्यामुळे पहिली दुरुस्ती फसली असे समजून आम्ही सगळे पुन्हा जेटवर घसरलो.

डायफ्राम तपासणे दहा मिनिटांचे काम आहे. इंजिन बंद ठेवून, फिल्टर काढून, बोटाने स्लाइड वर उचलून सोडावी. ती न अडकता, जराशी रेंगाळत खाली आली पाहिजे. धप्पकन पडली तर डायफ्राम फाटलेला असण्याचा किंवा झाकण नीट न बसल्याचा संशय घ्यावा, आणि अर्ध्यात अडकली तर स्लाइडच्या मार्गात घाण आहे. त्यानंतर वरचे झाकण सावकाश उघडावे, कारण खाली स्प्रिंग असते. डायफ्राम उजेडासमोर धरून हळुवार ताणावा. प्रकाशाचा ठिपका दिसला की निदान झाले. परत बसवताना काठावरचा छोटा कान त्याच्या खाचेत आणि संपूर्ण कड खोबणीत बसली आहे याची खात्री करूनच झाकण लावावे. चिकटपट्टी किंवा गोंद लावून डायफ्राम जोडण्याचे उपाय लोक सांगतात. पेट्रोलच्या वाफेत ते टिकत नाहीत.

सायलेन्सरविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बॅक प्रेशर कमी झाले म्हणून ओढ गेली’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. इंजिनाला अडथळा आवडतो असा त्याचा अर्थ होतो, आणि तो खरा नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच नळीत दाबाची लाट सुटते, ती नळीच्या मोकळ्या टोकाशी पोहोचून उलट्या खेचीच्या रूपात परत येते, आणि योग्य वेळी परतली तर उरलेला धूर बाहेर ओढून ताज्या मिश्रणाला जागा करून देते. ही वेळ नळीच्या लांबीवर अवलंबून असते. मूळ लांब सायलेन्सर काढून वीतभर लांबीचा आखूड नळकांडा लावला, किंवा आतला बॅफल (आवाज दाबणारा अडसर) काढून टाकला, की ही वेळ चुकते, आणि नेमक्या ज्या दोन-तीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात बुलेट आपण एरवी चालवतो तिथेच ओढ घटू शकते. ही घट कोणत्याही जेटने पूर्णपणे भरून निघत नाही. त्यामुळे चोकच्या चाचणीत मिश्रण ठीक दिसत असेल, डायफ्राम धड असेल आणि तरीही खालची ओढ नसेल, तर बॅफल परत बसवून त्याच चढावर वेळ मोजावी. आवाजाचा कायदेशीर भाग वेगळाच आहे: १७५ सीसीवरील दुचाकीसाठी निर्मितीच्या टप्प्यावरची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे पुणे-नाशिककरांना नवी नाहीत.

दोष गाडी बराच वेळ पळाल्यावरच येत असेल, म्हणजे महामार्गावर दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलनंतर गाडी मरगळते आणि बाजूला उभी करून मिनिटभराने पुन्हा ठणठणीत होते, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा. टाकी बसवताना नळी दुमडली जाते, किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. लक्षण दिसताच झाकण क्षणभर उघडून बघावे. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी सावरली तर दोष तिथेच आहे. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक शक्यता असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते पाणी वेगळे होऊन फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी बसते. ड्रेन स्क्रू उघडून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले की तळाला वेगळा थर दिसतो.

हे सगळे करूनही उत्तर मिळाले नाही, तर मूळ सुटे भाग परत लावावेत, पण सगळे एकदम नव्हे. आधी एअरबॉक्स, मग चढावर मोजणी, नंतर सायलेन्सर, पुन्हा मोजणी, शेवटी जेट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत. म्हणून जुना एअरबॉक्स भंगारात देऊ नये. सर्व मूळ भाग लावूनही ओढ आली नाही तर इंजिन उघडण्याची वेळ आली आहे असे समजावे. या इंजिनात ऑटो डीकॉम्प्रेसर (सुरू करताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडणारी यंत्रणा) असल्यामुळे साध्या गेजवरचा कॉम्प्रेशनचा आकडा मुळातच कमी दिसतो. तो पाहून कोणी लगेच पिस्टन-रिंगचे बिल पुढे केले तर लीकडाउन चाचणीचा (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजण्याचा) आग्रह धरावा. हायड्रॉलिक लिफ्टर असल्याने या इंजिनात व्हॉल्व्हची सेटिंग करावी लागत नाही; ती करायची आहे असे कोणी सांगू लागले तर गॅरेज बदलावे.

माझ्या गाडीवर आता मूळ एअरबॉक्स, त्यात साधा कागदी फिल्टर, नवा डायफ्राम, मूळपेक्षा एकच नंबर मोठा मेन जेट आणि बॅफलसह लांब सायलेन्सर आहे. कात्रजच्या त्याच तुकड्यावर दोष असताना ११ सेकंद लागत होते, आता ८ लागतात. तासलेल्या कडेचा तो गोल फिल्टर माळ्यावर आहे, आणि त्याच्या डब्यावर मी मार्करने ‘छिद्र पाहा’ असे लिहून ठेवले आहे.